कुंद्याची वैरीण

पंचशीलाआत्याच्या शेतात कुंदा पेरला तो मी.

आता शहाण्या वाचकाला इथंच शंका येईल, की कुंदा कुणी पेरतं का? नाही पेरत. कुंदा म्हणजे काळ्या रानातलं गवत. वर दिसतं ते गुडघ्याएवढं, खाली असतं ते कमरेएवढं. गहू पेरावा, हरभरा पेरावा, फारच खुमखुमी असली तर भावाभावांत भांडण पेरावं; कुंदा मात्र दुश्मनाच्या रानातही पेरू नये, असा आमच्या बिलोलीकडं रिवाज आहे. तो मी मोडला, सख्ख्या आत्याच्या रानात मोडला, आणि त्यासाठी पदरचं भाडं भरून ट्रॅक्टर लावला.

झालं असं. आत्या लातूरला गेली होती, लेकीच्या, म्हणजे दिपालीच्या, उशिराच्या बाळंतपणाला. मी नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून आत्याचं घर आणि कोंबड्या राखायला गावी येऊन राहिलो होतो. कोंबड्या राखून माणूस राखणार तरी किती? रोज सकाळी आत्याच्या रानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो आणि आत्याची दया यायची. साठीची बाई, अजून ढेकूळन् ढेकूळ हातानं फोडते, यंत्र म्हणून रानात येऊ देत नाही. आपण भाचा असून उपयोग काय?

शेजारच्या रानात भुजंगकाकानं एका पट्टीवर भाड्याचा रोटाव्हेटर, ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र, लावला होता. भुजंगकाका म्हणजे आत्याचा चुलतभाऊ. मी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, म्हटलं, तिकडचं झालं की इकडं या. दोन रानांच्या मधोमध आत्यानं खणलेला एक खोल चर होता. तो मी स्वतः फावडं घेऊन ट्रॅक्टरच्या चाकापुरता बुजवला. उरलेला ड्रायव्हरनं मागंपुढं करून सपाट केला. मग तो खाली उतरला, रोटाव्हेटरच्या पात्यांकडं बघितलं आणि मला म्हणाला, "सर, पाती धुवून घेऊ का? तिकडच्या मुळ्या गुतल्यात."

आणि मी, दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला माणूस, म्हणालो, "मातीतच तर जायचंय. धुवायचं कशाला?"

हे वाक्य आता गावात म्हणीसारखं चालतं. कुणी विहिरीत मोटार सोडली आणि वर दोर बांधायचा राहिला, की कट्ट्यावरचे लोक एकमेकांकडं बघून म्हणतात, मातीतच तर जायचंय.

पुढं अवकाळीचा एक सडाका आला, आणि त्याच्या मागोमाग आत्या आली. डोक्यावरचं बोचकं न उतरवता ती थेट रानात गेली. मी मागं, चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला निघालेल्या पोराचं हसू. रान भुसभुशीत, कापसासारखं झालं होतं. आणि त्या कापसात ओळीनं, ट्रॅक्टर जसा गेला तसे, वळला तिथं वळून, हिरवे टोकदार कोंब उभे होते. कोपऱ्यात मी ड्रायव्हरला अजून एक फेरी मारायला लावली होती, तिथं तर गर्दी होती.

आत्या वाकली. एक कोंब धरून हळूच ओढला. बोटाएवढा मुळीचा तुकडा वर आला. त्याला एक पेर, पेराला एक डोळा, डोळ्यातून वर हिरवं पातं, खाली पांढरं मूळ. अंगातून काढलेल्या गोळीकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"कुणी?" एवढंच ती म्हणाली.

मी सांगितलं. सगळं नीट, क्रमानं, चर बुजवल्यासकट सांगितलं. मास्तरकीची सवय. तिनं ऐकून घेतलं, बोचकं खाली ठेवलं, पायातली चप्पल काढली आणि रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला मारत नेलं. साठीची बाई म्हणून मघाशी जी दया आली होती ती मी त्या वाटेवरच परत घेतली. ड्रायव्हर तिला दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात सापडला. त्याचा चहा अंगावर सांडला, कॉलर हातात आली, आणि पाती धुवायची आठवण मास्तरला केली होती हे तो कळवळून सांगेपर्यंत एक कानही सुजला. तो अजून आमच्या गावाला वळसा घालून जातो.

पंचशीला हे नाव आमच्या आजोबांनी ठेवलं. दीक्षेनंतर घरात जन्मलेली ती पहिली मुलगी, म्हणून हौसेनं ठेवलं. पाच शीलांतली शेवटची चार आत्यानं आयुष्यभर बिनतक्रार पाळली. कुणाचं काडीएवढं घेतलं नाही, खोटं बोलली नाही, चारित्र्याला बट्टा नाही, आणि दारूचं म्हणाल तर दारू प्यालेला माणूस तिला लांबून बघूनच शुद्धीवर यायचा. अडचण होती ती पहिल्या शीलाची. जीवहत्या करणार नाही, हे ती दर रविवारी विहारात सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायची आणि तिथूनच पहार घेऊन रानात जायची. एकदा नांदेडहून भंतेजी आले होते, त्यांना तिनं भर सभेत विचारलं, गवत मारलं तर शील मोडतं का? भंतेजी हसले, म्हणाले, शेतकऱ्यानं तण काढायचं नाही तर खायचं काय? आत्या म्हणाली, जरा मोठ्यानं सांगा, भुजंग्याला मागं ऐकू आलं न्हाई.

तिचं लग्न भोकरकडं करून दिलं होतं. पहिल्याच वर्षी नवऱ्यानं तिच्यावर हात उचलला. तो हात पुन्हा सरळ खाली आला नाही. मुसळ जवळ होतं. भोकरच्या हाडवैद्यानं त्याचं मनगट बसवलं, पण संसार काही बसला नाही, आणि पोटात दिपाली घेऊन आत्या माहेरी आली. माझे वडील तेव्हा नोकरीनिमित्त नांदेडला निघाले होते. ते म्हणाले, रान तू बघ. रान म्हणजे काय, तर कुंदा. आजोबांच्या वेळेपासून त्या सगळ्या तुकड्यात कुंदाच होता, अर्धा आमच्या वाट्याला, अर्धा भुजंगकाकाच्या. भुजंगकाकाच्या बापानं शहाणपणा केला. म्हशी आणल्या, कुंदा कापून त्यांना घातला आणि दूध विकलं. आत्यानं पहार आणली.

कुंदा मारणं म्हणजे काय हे नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर बसून कळत नाही. वैशाखात, रान तापून तडकलं की दोघीतिघींनी एका रेषेत पहारी खुपसायच्या आणि सगळं वजन टाकून बैलगाडीच्या चाकाएवढी ढेप उलथायची. ढेपेच्या पोटात पिवळ्या-पांढऱ्या मुळ्यांचं जाळं असतं, आतड्यासारखं. ढेप फोडायची, एकेक मुळी शेवटापर्यंत माग काढून ओढायची. तुटली तर तुटलेलं टोक शोधायला पुन्हा खाली जायचं. मग सगळं खडकावर टाकून उन्हात मारायचं आणि वाळलं की जाळायचं. जाळून झाल्यावर आत्या काठीनं राख उकरून बघायची.

"ह्याला मुंडकं न्हाई," ती मजूर बायांना सांगायची. "सगळं अंगच मुंडकं हाय. एक तोडलं की दोन होतेत."

तिच्या लेखी जगातल्या वनस्पतींच्या दोनच जाती: गळा कापून मरणाऱ्या आणि न मरणाऱ्या. ज्वारी, तूर, अंबाडी ही सरळ माणसं. बियातून जन्मतात, बी देऊन मरतात, कुणाच्या अध्यात नाहीत. बियातूनच जन्मणारे पण बदमाश असे वेगळे. गोखरूला काटे कशासाठी, तर तुमच्या चपलेत नाहीतर सायकलच्या टायरात बसून फुकट दुसऱ्याच्या रानात जाण्यासाठी. त्याला फुलायच्या आत संपवायचा, फुलल्यावर मारून उपयोग नाही, पोरं आधीच गावाला गेलेली असतात. कुसळाला शेपटी असते, ती दवात भिजली की पिळा सोडते, वाळली की पीळ घेते, आणि असं स्क्रूसारखं फिरत बी जमिनीत आपण होऊन शिरतं. जमीन नाही मिळाली तर मेंढीच्या कातड्यात शिरतं. ज्वारीच्या पायाशी टारफुला यायचा. इतकी नाजूक, गोजिरी फुलं, की मी एकदा त्यांचं जलरंगात चित्र काढलं होतं. आत्यानं ते रोप माझ्यासमोर हलकेच उकरून दाखवलं. खाली त्या गोजिऱ्याचं तोंड ज्वारीच्या मुळीला चिकटलेलं होतं आणि ज्वारी वरून पिवळी पडत चालली होती. बांधावरच्या बोरीवर अमरवेल पडली होती. तिला पान नाही, जमिनीत मूळ नाही, नुसते पिवळे दोरे, बोरीच्या अंगात सुया खुपसून रस पिणारे. ती काढायची तर बोरीच्या फांद्यांसकट तोडायला लागली. तोडताना आत्या बोरीची माफी मागत होती आणि अमरवेलीला अशा शिव्या देत होती, की मी माझ्या विद्यार्थ्यांना जलरंगातसुद्धा दाखवणार नाही.

पण ही सगळी किरकोळ मंडळी. आत्या मानायची ती कुंद्याला. वर आग लागो, म्हशी चरोत, पाऊस न येवो, तो खाली भाकरी बांधून बसलेला. गवताची पाती म्हशीनं खाल्ली तर ती टोकाला तुटतात, पण वाढतात बुडापासून, त्यामुळं म्हैस त्याचं फक्त केस कापते. औषधही एकदा मारून बघितलं होतं. वरचं जळालं, हळहळल्यासारखं दाखवलं, आणि महिन्यानं खालून पुन्हा नमस्कार. त्याला ऐकू येतं अशी तिची पक्की समजूत होती. खांदताना त्याचं नाव घ्यायचं नाही, 'त्यो' म्हणायचं. मी म्हटलं, आत्या, वनस्पतीला कान नसतात. ती म्हणाली, तुला हायत, तू कुठं ऐकतोस?

अशी ती वर्षानुवर्षं एकेक पट्टी मारत गेली आणि एका वैशाखात तिच्या रानात 'तो' उरला नाही. भुजंगकाकाच्या रानातून जमिनीखालून पुन्हा येऊ नये म्हणून तिनं मधे तो खोल चर खणला. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला, खीर वाटताना, ती सगळ्यांसमोर बोलून बसली, की ज्या साली माझ्या रानात त्यो पुन्हा उगवंल त्या साली पहार ठेवीन आणि आनंद्याकडं नांदेडला जाऊन ऱ्हाईन.

हे नांदेड म्हणजे माझं घर. तिच्या लेखी काळ्या पाण्याची शिक्षा. एकदा आठ दिवस राहायला म्हणून आली होती. आमच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या पाइपाच्या सांध्यात, कुण्या पाखराच्या विष्ठेतून बी पडून वडाचं रोप उगवलं होतं. आत्यानं ते गॅलरीतून ओणवं होऊन ओढलं. रोप आलं, त्याच्या मुळ्या पाइपात किती खोल गेल्या होत्या हे दाखवायला पाइपही बरोबर आला, आणि खालच्या तीन घरांत आमचं पाणी गेलं. सोसायटीच्या अध्यक्षांना तिनं सांगितलं, दोन वर्षं थांबला असता तर भिंतच गेली असती, माझे उपकार माना. तिला आम्ही सातव्या दिवशीच गाडीत बसवून दिलं.

आता गंमत बघा. आत्यानं थकल्या वयात आमच्याकडं यावं, असं माझे वडील कित्येक वर्षं म्हणत होते. पहारी मारून मारून तिचा एक खांदा निखळलेला. आणि नेमका मीच ट्रॅक्टर लावतो, मीच चर बुजवतो, आणि रानात कुंदा उगवतो. अर्ध्या गावाला वाटलं मी मूर्ख आहे. उरलेल्या अर्ध्याला वाटलं मी भलताच हुशार आहे. भुजंगकाकानं तर म्हशी हाकता हाकता निरोप दिला, "पंचे, बोचकं बांध. त्यो आला."

तिनं बोचकं बांधलं नाही, पदर बांधला. तो आपण होऊन उगवला नाही, भाच्यानं पेरला, असा तिचा हिशेब. मृगाच्या आत हे सगळं बाहेर काढायचं, नाहीतर कोंब मुळ्या सोडतील, मुळ्या पेरं धरतील, आणि जिथं तिला हळद लावायची होती तिथं पुढची सगळी वर्षं तोच राहील. हळद नऊ महिने जमिनीत असते. मधे नांगर घालता येत नाही, आणि कुंद्याचं टोक असं टणक, की हळदीच्या गड्ड्यात भाल्यासारखं आरपार जातं. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, पण सगळे बघत होते. पंचशीला खांदती की जाती?

मदतीला कमलम्मा आली, आत्याच्या जुन्या टोळीतली, सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखातून लग्न होऊन आलेली. चिडली की तेलुगूत बोलायची आणि मग मराठीत काय म्हणाली ते सांगायची नाही. आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पळून जायला जी हिंमत लागते तीही नव्हती.

आम्ही रान फाडलं. दुसरा शब्द नाही. आत्या एका खांद्यावर पहार मारायची, दुसरा खांदा कमलम्मानं फडक्यानं अंगाशी आवळून बांधला होता. प्रत्येक घावाला तिच्या तोंडातून हुंकार यायचा, आणि प्रत्येक हुंकाराला माझं नाव जोडलेलं असायचं. माझ्या हातांना फोड आले, फुटले, पहारीला रक्त लागलं. ते बघून आत्याला जरा बरं वाटल्यासारखं झालं. तिनं त्यावर हळद भरली, चुलीवरची भाकरी आणि लसणाचा ठेचा माझ्यापुढं ठेवला आणि पाठीवर एक रट्टा घालून म्हणाली, "खा. उद्या कोपरा हाय तुझा."

कोपरा म्हणजे जिथं मी जादा फेरी मारायला लावली होती. तिथला एकेक तुकडा मी गुडघ्यांवर बसून वेचला. चित्रकलेच्या मास्तरला निरीक्षण असतं म्हणतात. त्या कोपऱ्यात मी कुंद्याच्या पेरावरचा डोळा इतक्या वेळा बघितला की तो मला झोपेत बघायला लागला.

रान उरकत आलं. काढलेल्या मुळ्यांचा आणि ढेकळांचा मोठा ढीग बुजलेल्या चराच्या कडेला पडला होता, जाळायचा होता. राहिला होता चर. तो पुन्हा खणल्याशिवाय सगळं व्यर्थ होतं, कारण खालून भुजंगकाकाच्या रानातल्या मुळ्या बुजलेल्या भुसभुशीत मातीत शिरायला लागल्या होत्या. आणि तिथं, बुजलेल्या चरावर, भुजंगकाका दोन म्हशी बांधून, हातात काठी घेऊन बसला होता.

वाईट माणूस नव्हता. आत्याहून तीन-चार वर्षांनी लहान, लहानपणी तिच्या मागं मागं फिरलेला. पण त्या वर्षी चारा कुठं नव्हता, आणि त्याच्या म्हशींना कुंद्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तो म्हणाला, बुजलं ते बुजलं. आता हा बांध हाय. बांधावरचं गवत म्हशीचं. तुझा वैरी त्यो माझा चारा, पंचे.

आत्यानं पहार उचलली आणि त्याच्या दोन पावलांच्या मधे मारली, इतकी जवळ, की त्याच्या एका चपलेचा अंगठा जमिनीत राहिला. म्हशी दावं तोडून पळाल्या. भुजंगकाका उठला आणि त्यानं तिला ढकललं. ती ढिगावर पडली, निखळलेल्या खांद्यावर, आणि तिच्या तोंडातून जो आवाज आला तो ऐकून मी पुढं धावलो. भुजंगकाकाची काठी माझ्या नडगीवर बसली आणि मी तिथंच घडी होऊन खाली बसलो. पुढचं युद्ध मी बसूनच बघितलं.

आत्यानं ढिगातलं एक ढेकूळ उचलून हाणलं. नारळाएवढं होतं. ते भुजंगकाकाच्या कानावर फुटलं. त्यानं पायापाशी पडलेलं अर्धं उचलून परत मारलं. ते तिच्या छातीवर लागून मागं, साफ केलेल्या रानात, जाऊन फुटलं. तिनं दुसरं मारलं, त्याच्या तोंडावर. दात गेला, रक्त आलं. आता त्याला वेड लागलं. तो ढिगाकडं धावला आणि दोन्ही हातांनी ढेकळं उचलून फेकायला लागला, दिसेल तिकडं. ती खांद्यावर झेलत होती, पाठीवर झेलत होती, आणि परत मारत होती. कमलम्मा मधे दोन्ही हात पसरून "वद्दु, वद्दु" म्हणत होती, म्हणजे नको, नको. दोन्हीकडून तिला एकेक लागलं आणि तीही कोण जाणे कोणाच्या बाजूनं लढाईत उतरली.

आणि मधेच आत्याचा वर उचललेला हात तसाच राहिला. ती मागं वळून बघत होती. नखानखानं वेचलेल्या रानात, काळ्याभोर स्वच्छ मातीवर, भुजंगकाकानं फेकलेली ढेकळं फुटली होती, आणि प्रत्येक फुटलेल्या ढेकळातून पिवळ्या मुळ्यांचे तुकडे चहूकडं उडाले होते. तो मारत नव्हता, पेरत होता.

"भुजंग्या, थांब," ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "ढेकूळ मारू नको. ढेकळात त्यो हाय. दगड मार."

भुजंगकाका थबकला. "आं?"

"तुझ्या डाव्या पायापाशी हाय बघ. त्यो मार."

लहानपणापासून तिचं ऐकायची सवय. भुजंगकाकानं हातातलं ढेकूळ खाली ठेवलं, जपून ठेवलं, डाव्या पायापाशी बघितलं, दगड उचलला आणि मारला. ज्यानं आयुष्यात कुत्र्यालाही नेम धरून मारलं नव्हतं, त्याचा नेम त्या दिवशी लागला. आत्याच्या कपाळावर भुवईच्या वर कातडं फाटलं आणि रक्ताचा पडदा डोळ्यावर उतरला.

"हां. असं," ती म्हणाली, आणि मग खाली बसली. बसल्या बसल्या रक्त पुशीत मला म्हणाली, "आनंद्या, ती ढेकळं गोळा कर आधी. मंग दवाखान्याचं बघ."

मी नडगी ओढत ढेकळं गोळा केली. खोटं कशाला सांगू, भुजंगकाकानंही केली. तो रडत होता आणि तुकडे वेचत होता, आणि कमलम्मा दोघांच्याही पाठीत गुद्दे घालत होती.

बिलोलीच्या दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं. तिच्या कपाळाला टाके, त्याच्या तोंडात कापूस. डॉक्टरांनी विचारलं, मारलं कुणी? पोलिसांत कळवायला लागेल. भुजंगकाकाचा चेहरा पांढरा पडला. आत्या म्हणाली, मीच सांगितलं मारायला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी मान डोलावली, कारण खरं तेच होतं. मग कशावरून, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं कुंद्याचं सांगितलं. डॉक्टर देगलूरकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव निघाले. सुई हातात तशीच धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की फुटलेल्या ढेकळांतला सगळा वेचला का? कागद काही कुणी भरला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून आत्या पुन्हा बांधावर. मी नको म्हटलं तर तिनं पहारीकडं बघितलं, मी रस्त्यातून बाजूला झालो. भुजंगकाका आधीच आला होता. म्हशी लांब बाभळीला बांधल्या होत्या, आणि तो आपल्या रानात, आमच्याकडं पाठ करून बसला होता. आमच्याकडं माणूस पाठ करून बसला की ती होकाराची सही समजायची.

आम्ही चर खणला. आत्या कमरेपर्यंत आत उतरली आणि भुजंगकाकाच्या बाजूनं येणाऱ्या मुळ्या कुऱ्हाडीनं छाटत गेली. छाटलेली टोकं मातीच्या भिंतीतून हाडांसारखी पांढरी बाहेर दिसत होती, काहींतून पाणी ठिबकत होतं. प्रत्येक घावाबरोबर भुजंगकाकाची पाठ जरा आक्रसायची. बऱ्याच वेळानं त्यानं न वळता विचारलं, "किती आत आला होता?"

"दोन हात."

"माझ्या बापालाबी त्यो ऐकला न्हाई," भुजंगकाका म्हणाला. आत्यानं पुढचे दहा-बारा घाव जरा हळू मारले.

मृग लागला. दोन पाऊस झाले, आणि त्यानंतरचे काही दिवस आत्या काही जेवली असेल असं मला वाटत नाही. रोज पहाटे ती रानात वाकून चालायची. इथं एक, तिथं एक असे कोंब निघाले. कोपऱ्यात, माझ्या कोपऱ्यात, मूठभर निघाले. ती प्रत्येकाशी गुडघे टेकून बसली आणि बुडापासून उकरून घेतला. आणि एक सकाळ अशी आली, की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. त्या दिवशी तिनं कोंबडी कापली. पहिलं शील पुन्हा मोडलं, पण रस्सा भुजंगकाकाच्या घरीही गेला, आणि एक दात कमी असूनही त्यानं हाडं फोडल्याचं ऐकलं.

मग हळद लावली. मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याचे हात असे हलके बघितले. हळदीचं बेणं म्हणजेही तुकडाच, डोळा असलेला तुकडा. बी नाही, फूल नाही, नुसतं एक पेर, ज्यातून सगळं झाड उठतं. कुंद्याची जी खोड तिला जन्मभर छळत आली, तीच खोड हळदीची होती, आणि ती प्रत्येक तुकड्याचा डोळा वर करून, निजवल्यासारखा मातीत ठेवत होती. महिन्याभरात गुंडाळलेल्या हिरव्या पुंगळ्या ओळीनं वर आल्या. रविवारी विहारात कुणीतरी मुद्दाम विचारलं, पंचशीला, नांदेडला कधी? तिनं कपाळावरचा व्रण दाखवला आणि म्हणाली, हे बघ, इथं टाके पडलेत, आता मी हितनं हालत न्हाई.

शाळा सुरू झाली होती, मी रजा वाढवून वाढवून शेवटी निघालो. आत्या फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं माझ्या पिशवीत लावून उरलेली ओली हळद कोंबली, माझा शर्ट झटकला, माझी नडगी दाबून बघितली आणि मी ओरडल्यावर समाधानानं मान डोलावली. एसटी दिसली तेव्हा मला एकदम भरून आलं. तिच्या पायाला हात लावला आणि म्हणालो, "आत्या, आता एकटीनं सगळं ओढू नको. काही लागलं तर नुसता फोन कर. मी आहेच."

"त्याचंच भेव हाय," आत्या म्हणाली.